ब्लूमाची ओली दाढी

ब्लूमा शेळी कुंपणावरून उडी मारून पळाली आणि तासाभरानं आपणहून परत आली, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते तिच्या दाढीचं. दाढी चिंब ओली होती.

"हिला पाणी कुणी दाखवलं?" रूनानं विचारलं.

हालवार तळ्याकडून चढ चढून येत होता. त्याच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि निम्मं पाणी त्याच्या विजारीवर सांडलं होतं. "मी नाही बुवा. मी सकाळपासून माझ्या बुटांनाच पाजतोय," तो म्हणाला.

त्याच्यामागून त्याची धाकटी बहीण मायकेन दुधाचा कॅन पोटाशी धरून, धापा टाकत येत होती. तिलाही काही ठाऊक नव्हतं. शेळी तळ्यावर गेलीच नव्हती, नाहीतर वाटेत दिसली असती. रूनानं ब्लूमाची दाढी मुठीत धरून पिळली. पाणी बर्फासारखं गार होतं. तळ्याचं पाणी तर त्या दिवसांत आंघोळीसाठी तापवल्यासारखं कोमट झालेलं.

रूनाचा हात तिथंच थांबला.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत रूना आईच्या गावी, क्लारबेकला यायची. हालवार आणि मायकेन ही तिची मामेभावंडं. तिघांचा मुक्काम ओस्वाल्द आजोबांच्या लाल लाकडी घरात असायचा. यंदा जूनच्या मध्यापासून पावसाचा थेंब नव्हता. गवताचा पेंढा झाला होता, आणि रानात काडी ओढायलाही बंदी होती. गावातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. आजोबांची विहीर मात्र त्यांच्या आठवणीत कधीच आटली नव्हती. लोक तिला साधूंची विहीर म्हणत, कारण अंगणापलीकडे, किंचित चढावर, जुन्या मठाचे अवशेष होते. आठशे वर्षांपूर्वी पांढऱ्या झग्यांचे साधू फ्रान्सहून चालत, होड्यांतून, पुन्हा चालत इथं आले. रानात त्यांनी मठ बांधला. पुढं राजानं मठ बंद केला, लोकांनी दगड वाहून नेले, आणि उरल्या त्या मठातल्या देवळाच्या कमरेएवढ्या भिंती.

आणि गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्या विहिरीत सोडलेली बादली खणकन आपटली. वर आली ती मूठभर चिखल घेऊन.

आजोबांनी बादली उपडी घालून ठेवली. पण त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी, तोंडात घास घालायच्या आधी, विहिरीचं पहिलं पाणी ते एका लाकडी वाडग्यात घेत, हळूहळू चढ चढून देवळातल्या वेदीच्या दगडापर्यंत जात, वाडगा तिथं ठेवत आणि क्षणभर मान खाली घालून उभे राहत. पाणी पाखरं पीत. आजोबांचे वडील हेच करत, त्यांचे आजोबाही. मायकेननं एकदा विचारलं होतं, कशासाठी? तेव्हा आजोबा म्हणाले होते, "साधू इथं होते तेव्हा पहिलं पाणी देवाचं असायचं. साधू गेले. म्हणून देवाचा हक्क थोडाच जातो?"

शुक्रवारी पहाटे रूनाला खिडकीतून दिसलं, आजोबा काठी टेकत तळ्याकडून वर येत होते. गुडघा दुखत असताना, घर जागं व्हायच्या आत, वाडगा भरून आणायला गेले होते. निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं. रूना पांघरुणात शिरली, पण तिला झोप आली नाही.

त्याच दिवशी तोर्केलमामा गाडी घेऊन आले. मामा म्हणजे हालवार-मायकेनचे बाबा, आजोबांचे चिरंजीव, आणि गावच्या मठ-जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस दिलदार आणि बोलायला सदा घाईत. शेपू घातलेले नवे बटाटे आणि मासळी खाता खाता त्यांनी सगळं ठरवूनही टाकलं. या कातळात नवी विहीर लागायची नाही. शेळ्यांना रोज एवढं पाणी तळ्यावरून कोण आणणार? पोरं सुट्टी संपली की जाणार. सोमवारी शहरातून एक माणूस येईल, शेळ्या बघून घेऊन जाईल. आणि आजोबांनी शहरात यावं. दुसऱ्या मजल्यावर छान खोली आहे, लिफ्ट आहे, नळ आहे.

आजोबांनी राय धान्याच्या कडक भाकरीचा तुकडा मोडला. "नळाचं पहिलं पाणी कोणतं म्हणायचं, तोर्केल?" त्यांनी विचारलं.

मामा कॉफी ओतून घ्यायला उठले.

आणि आज शनिवार. ब्लूमाची दाढी ओली.

"हिला पुन्हा तहान लागायला हवी," रूना म्हणाली.

हालवारनं डोकं खाजवलं आणि आत जाऊन खारवलेल्या मासळीच्या डब्यातलं पाणी भाकरीच्या तुकड्यांवर ओतून आणलं. ब्लूमानं ते मिटक्या मारत खाल्लं आणि मायकेनची टोपीही खायला घेतली. मग कुंपणाचं फाटक उघडं ठेवून तिघं सरपणाच्या ढिगामागे लपली. थोड्याच वेळात शेळीनं ओठ चाटले, इकडंतिकडं पाहिलं, आणि एखाद्या बाईला बाजारातलं दुकान नेमकं ठाऊक असावं तशी ती चढावरून निघाली.

ती देवळाच्या भिंतींना वळसा घालून उत्तरेकडच्या कुरणात गेली. जत्रेला येणाऱ्या गाड्या इथं उभ्या करायच्या म्हणून गेल्या आठवड्यात तिथं खोदकाम झालं होतं. कुरणभर एक लांब चर काढलेला, बाजूला खडीचा ढीग. रविवार जवळ आल्यामुळे कामगार घरी गेले होते. ब्लूमा चराच्या टोकाशी, बर्चच्या झाडांखाली पोहोचली आणि दाढी बुडवून पिऊ लागली.

तिथून एक ओहोळ खळखळत खाली दलदलीकडे चालला होता. इतक्या कोरड्या उन्हाळ्यात.

रूनानं ओंजळ भरली आणि प्यायली. पाण्याला लोखंडाची किंचित चव होती. लहानपणापासून जिभेला सवय झालेली ती चव ओळखायला तिला दुसरा घोट घ्यावा लागला नाही.

"हे आपल्या विहिरीचं पाणी आहे," ती म्हणाली.

हालवार चरात उतरला. चराच्या तळाशी पाणी वाहून नेण्यासाठी प्लॅस्टिकचा नवा पाइप टाकलेला होता. वरच्या बाजूच्या मातीच्या भिंतीत एक भोक होतं. दोन्ही बाजूंना उभे दगड, वर एक आडवा दगड, खाली फरशी. त्यातून पाणी येत होतं आणि सरळ पाइपात पडत होतं. समोरच्या भिंतीत, अगदी त्याच उंचीवर, तसंच दुसरं भोक होतं. पण त्यात चिकणमाती ठासून भरली होती आणि ते कोरडं होतं.

"दगडाची नळी," हालवार खालून म्हणाला. "यंत्रानं मधोमध तोडलीय."

विहीर नव्हतीच ती. कुणीतरी डोंगराच्या झऱ्याचं पाणी दगडी नळीतून जमिनीखालून आणलं होतं, आणि आजोबांच्या अंगणात ती नळी संपत होती. आणि सोमवारी त्या चरावर खडी पडायची होती, वरून रोलर फिरायचा होता.

तिघं धावत सुटली.

तोर्केलमामा देवळाजवळ गाडीतून जत्रेचे झगे उतरवत होते. झगे तपकिरी होते. मायकेननं आठवण करून दिली की इथले साधू पांढरे कपडे घालायचे. मामा म्हणाले, पांढरं फार मळतं. मग त्यांनी मुलांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मधेमधे मानही डोलावली, आणि शेवटी तिघांना हाताला धरून नव्या फलकासमोर नेलं. फलकावर मठाचा नकाशा होता. शंभर वर्षांपूर्वी राजधानीतल्या एका मोठ्या विद्वानानं काढलेला, मामांनी रंगवून घेतलेला. वेदी वरच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. देवळाच्या उजवीकडे, दक्षिणेला, चौकोनी अंगण. अंगणाभोवती झोपायची खोली, जेवायची खोली, आणि जेवणघराच्या दारासमोर हात धुण्याचं कारंजं. डावीकडे, उत्तरेला, नुसतं हिरवं. मोकळी जागा.

मामा समजावत राहिले. या पंथाचे मठ फ्रान्सपासून इथपर्यंत सगळे एका साच्यातले. देऊळ उत्तरेला, राहणं दक्षिणेला. उत्तरेच्या कुरणात साधूंचं काही नाही, म्हणून तर तिथं खोदायची परवानगी मिळाली. मुलांना दिसलेले दगड म्हणजे कुठल्या तरी शेतकऱ्याची जुनी मोरी. विहिरी तर गावात सगळ्यांच्याच आटल्यात.

"पण मामा, पाण्याची चव..."

"चवीवर कामं थांबत नाहीत, रूना." मामांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. आवाज मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. "आजोबांसाठी जीव तुटतोय तुझा, कळतं मला. पण त्यांच्या डोक्यात नसत्या आशा घालू नका."

संध्याकाळी सहाला आजोबांनी गावच्या चर्चची घंटा वाजवली. दर शनिवारी तेच वाजवत. घंटेचा शेवटचा नाद विरेपर्यंत रूना पायरीवर बसून राहिली आणि मग तिनं विचारलं, सगळे मठ एका साच्यातले, हे खरं का?

आजोबा म्हणाले, खरंच. एका मठात वाढलेला साधू हजार कोसांवरच्या दुसऱ्या मठात गेला, तरी त्याला वाट विचारावी लागत नसे. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला तो अंथरुणातून उठे आणि दिव्याशिवाय, अर्धवट झोपेत, जिना उतरून थेट देवळात येई. पाय चुकत नसे. तसेच त्यांचे दिवस जात, प्रार्थनेमागून प्रार्थना. बोलायचं कमी.

"जिना कुठं होता?"

"झोपायच्या खोलीतून थेट देवळात. मामाच्या फलकावर आहे बघ, उजव्या हाताला."

रूना घरी न जाता मठाच्या देवळात गेली. उन्हं तिरपी झाली होती, पण उजेड भरपूर होता. ती वेदीकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवीकडे चालत गेली. भिंत सलग होती. कमरेएवढ्या उंचीपर्यंत दगडाला दगड नीट बसलेला. दाराची खूण नाही, जिन्याची नाही. मग ती डावीकडे गेली. तिथं भिंतीला लागून तीन दगडी पायऱ्या होत्या. वर काहीच नव्हतं, पायऱ्या हवेत जाऊन संपत. मामा त्यांना उपदेशाच्या पायऱ्या म्हणत. लहानपणापासून मुलं त्यावर बसून स्ट्रॉबेऱ्या खात आली होती, आणि बसायला त्या इतक्या सोयीच्या का, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. पायऱ्या मधोमध खोलगट झाल्या होत्या, वाडग्यासारख्या.

आठवड्यातून एकदा उपदेशाला चढणाऱ्या माणसानं दगड असा झिजत नाही. रूनानं बूट काढले आणि त्या खळग्यात अनवाणी पाय ठेवला. दगड गुळगुळीत होता, दिवसभराच्या उन्हानं कोमट. किती पावलं उतरली असतील इथून, अंधारात, झोपेत, देवाचं नाव घेत?

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातून बिस्किटं भाजायचा पातळ कागद घेतला. हालवारला बरोबर घेऊन फलकावर कागद धरला आणि पेन्सिलीनं मठाचा नकाशा गिरवून आणला. मग दोघं तो खिडकीच्या काचेवर चिकटवून बघत बसली. जिना उजवीकडे. पायऱ्या डावीकडे. काही केल्या जमेना. हालवार म्हणाला, साधूंना डावंउजवं कळत नसेल, मायकेनसारखं.

मायकेन अंगणात ब्लूमाला बांधत होती. तिनं बाहेरून काचेवर टकटक केलं.

"भांडताय कशाला? जिना डावीकडेच तर आहे," ती म्हणाली.

"उजवीकडे आहे."

"डावीकडे. इथून बघा ना."

रूना उठली, दार उघडून अंगणात गेली आणि मायकेनच्या शेजारी उभी राहिली. आतल्या दिव्याच्या उजेडात कागदावरच्या रेघा बाहेरून स्वच्छ दिसत होत्या. वेदी वर, जिथल्या तिथं. आणि चौकोनी अंगण, झोपायची खोली, जेवायची खोली, कारंजं, सगळं देवळाच्या डाव्या हाताला. उत्तरेला. मामांच्या मोकळ्या जागेवर.

"मठ उलटा बांधलाय," रूना हळूच म्हणाली. "साचा तोच, पण उलटा. कारण झरा उत्तरेच्या टेकडीवर आहे. ते पाण्याजवळ राहिले."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद उलटा करून कुरणात नेला, देवळाच्या भिंतींशी जुळवला, आणि हालवार हातात कागद धरून, मायकेनच्या हाकांवर दिशा पकडत चालत गेला. जिथं कारंजं यायला हवं तिथं त्याचे पाय थांबले. समोर चर होता, आणि चरात पाणी वाजत होतं. चराच्या पलीकडे, पिवळ्या गवतात, नळीच्या ओलाव्यावर वाढलेला एक हिरवा पट्टा आजोबांच्या अंगणाकडे उतरत गेला होता. कडा अजून हिरव्या होत्या, पण मध्ये पिवळं पडायला सुरुवात झाली होती.

त्या रात्री जेवताना हालवार विरजलेल्या दुधात चमचा फिरवत बसला. शेवटी म्हणाला, बाबांना कागद दाखवून उपयोग नाही. ते मान डोलावतील आणि रोलर बोलावतील.

"मग काय करायचं, गप्प बसायचं?" रूना म्हणाली.

"तसं नाही म्हणालो मी." हालवारचे कान लाल झाले. "ते माझे बाबा आहेत. मला ठाऊक आहे त्यांचं. त्यांना काही समजवायला गेलं की ते आपल्यालाच समजावतात. पण नाटकात काम करा म्हणावं, एका पायावर तयार. त्यांना समजवायचं नाही. त्यांना चालवायचं."

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर कमिटीची मंडळी तालमीसाठी देवळात जमली. सगळ्यांनी तपकिरी झगे चढवले होते. पाद्रीणबाई गुनवोर यांचा झगा इतका लांब होता की त्या तो दोन्ही हातांनी उचलून चालत होत्या. आजोबा वेदीजवळच्या दगडावर बसले होते.

रूना पुढं झाली. तिनं सांगितलं, जत्रेसाठी मुलांना एक खेळ सुचलाय. परदेशातून रात्रीचा एक साधू इथं पहिल्यांदाच आलाय. अंधार आहे. पण सगळे मठ एका साच्यातले, त्यामुळे तो डोळे मिटूनसुद्धा जिना शोधतो आणि हात धुवायला कारंज्यापर्यंत जातो. साधू कोण होणार? फलक ज्यांना तोंडपाठ आहे तेच.

मामांनी टाळी वाजवली. "वा, हे जत्रेत घ्यायचंच," म्हणाले, आणि गुडघे वाकवून मायकेनला डोळ्यांवर रुमाल बांधू दिला.

वेदीसमोर उभं राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, आता मी उजवीकडे वळतो, हा आला जिना. ते ठामपणे उजवीकडे गेले आणि भिंतीवर पोट आपटून थांबले. भिंत चाचपडली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग म्हणाले, जिना पडला असेल, काळ किती लोटला, चला, पुढं अंगण. भिंतीच्या पडक्या टोकाला वळसा घालून ते दक्षिणेकडे निघाले. कुणीतरी थांबवायला उठलं, पण आजोबांनी हात वर केला. मामा झुडपांत शिरले. "हे झालं अंगण," झुडपांतून आवाज आला. "आता जेवणघर, आणि इथं दारासमोर..."

फचाक.

मामा दलदलीत घोट्यांच्याही वर रुतले होते. गुनवोरबाईंनी झगा तोंडात कोंबून हसू दाबलं. हालवारनं बाबांना हात देऊन बाहेर ओढलं. एक बूट मात्र तिथंच राहिला.

"रुमाल काढू नका, मामा," रूना म्हणाली. "साधू हरलेला नाही अजून. एकदाच पुन्हा. या वेळी सगळं तसंच, फक्त डाव्या हाताला."

मामांनी झग्यानं पायाचा चिखल पुसला. सगळे बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला आणि मायकेननं तो धरला.

वेदीपासून डावीकडे. मामांचा अनवाणी पाय पहिल्या पायरीला लागला. ते थबकले. खाली वाकून त्यांनी दगड हातानं चाचपला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांची बोटं त्या खोलगट भागात बराच वेळ फिरत राहिली. मायकेननं त्यांना भिंतीला वळसा घालून बाहेर नेलं. पायांखाली कोरडं गवत, कुरकुरत. इकडे अंगणाची कड, इकडे वळण, आता समोर जेवणघराचं दार, आणि दारासमोर...

"थांबा," मायकेन म्हणाली.

मामा थांबले. त्यांच्या पायांशी पाणी वाजत होतं.

त्यांनी स्वतःच रुमाल सोडला. समोर त्यांनीच खोदायला लावलेला चर होता, चराच्या भिंतीत दगडी नळी होती, आणि आठशे वर्षं वाहत आलेलं पाणी त्यांच्या नव्या पाइपात पडून दलदलीकडे वाया चाललं होतं. रूनानं नकाशा गिरवलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. मग वळून आजोबांच्या घराकडे उतरत जाणारा तो पिवळा पडू लागलेला हिरवा पट्टा पाहिला.

"बाबा," ते म्हणाले. "तुमची विहीर मी तोडली."

आजोबा काठीवर रेलून चराशी येऊन उभे राहिले होते. "तू तोडलीस खरी," ते म्हणाले. "पण वाट शोधायला डोळे बांधून घेतलेस ना. पुष्कळ झालं."

गुनवोरबाईंनी तीनही मुलांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्या म्हणाल्या, या देवळात लग्नं लावली, बारशी केली, त्या पायऱ्यांवर बसून असंख्य वेळा डबाही खाल्ला. पायऱ्या झिजल्या कशानं, हे विचारायचं सुचलं ते फक्त या पोरांना. आणि हे झगे आजच परत पाठवायचे, अध्यक्ष. पांढरे मागवा. मळले तर मळू देत.

सोमवारी रोलर आला तो परत गेला. त्याऐवजी जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यातून एक बाई आल्या. त्यांनी गुडघ्यांवर बसून नळीत दिवा मारून पाहिलं. मग मुलांना बोलावून त्यांनी सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकली. शेळीची दाढीसुद्धा सोडली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "माझ्या माणसांनी नेमकं हेच करायला हवं होतं. आम्ही फलक पाहिला आणि पायऱ्या पाहिल्या नाहीत." कुरणात आता गाड्या उभ्या राहणार नव्हत्या. तिथं पुढच्या उन्हाळ्यात नीट, कुंचल्यानं खोदकाम होणार होतं, आणि मदतीला तिघांना यायचं होतं. हालवारनं विचारलं, शेळी चालेल का? बाई म्हणाल्या, खात्यात तिच्यासाठी जागा रिकामी नाही, पण बघू.

त्यांच्या देखरेखीखाली पाइप निघाला, चिकणमाती हातानं उकरली गेली, आणि हलवलेले दगड पुन्हा जागेवर बसले. मामा स्वतः चरात उतरून चिखलात राबले. शेळ्या बघायला आलेल्या माणसाला त्यांनी फाटकावरूनच कॉफी पाजून माघारी धाडलं.

संध्याकाळपर्यंत विहिरीत काही नव्हतं. सगळे काठाशी बसून होते. मग खोल आत, कुणीतरी हलक्या हातानं मोती टाकावा तसा, टप् आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा. आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूनाला जाग आली तेव्हा आजोबा विहिरीवर होते. बादली वर आली, भरलेली. त्यांनी लाकडी वाडगा भरला आणि काठी उचलली. तेवढ्यात रात्री मुक्कामाला राहिलेले तोर्केलमामा पायरीवर आले. त्यांच्या एका पायात स्वतःचा बूट होता आणि दुसऱ्या पायात आजोबांचा. त्यांनी आजोबांच्या हातातून वाडगा घेतला. दोघं चढ चढू लागले, वाडगा हिंदकळू नये म्हणून सावकाश. रूना, हालवार, मायकेन मागोमाग.

वेदीच्या दगडावर वाडगा ठेवून सगळ्यांनी मान खाली घातली. रूनानं मनातल्या मनात, त्या उलट्या मठात अंधारात जिना उतरणाऱ्या सगळ्यांना, नावं ठाऊक नसलेल्यांना, नमस्कार केला.

लप् लप् आवाजानं तिनं डोळे उघडले. फाटक कुणी लावलं नव्हतं. ब्लूमा वेदीशी उभी राहून, दाढी पार बुडवून, देवाचं पहिलं पाणी पीत होती. मामा तिला हाकलायला धावले.

"पिऊ दे, तोर्केल," आजोबा म्हणाले. "आजचा मान हिचा आहे."